‘तुझ्यासाठीच काढलीय पॉलिसी’ म्हणजे नक्की काय?



मागचे दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले. आज जरा रुक्ष विषय घेते आहे, विम्याचा. वरण-भाताच्या मधे हिशेबाची वही उघडली तर आमच्या घरात कुणाला नवल वाटत नाही, कारण मी बी.कॉम. झाले तेव्हापासून घरातले सगळे फॉर्म माझ्याच पुढे येतात. तुम्ही पण कंटाळा करू नका. हे वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात शेंगदाणे भाजून होतील.

आपल्या घरांतून नवऱ्यांचे एक वाक्य ठरलेले असते. ‘तुझ्यासाठीच काढून ठेवलीय गं पॉलिसी.’ घर मामंजींच्या नावावर, दुकान भावाभावांच्या भागीदारीत, शेत सातबाऱ्यावर दहा नावांत. म्हणून त्या माउलीला वाटते, निदान ही एक गोष्ट तरी माझी आहे. नवरा खोटे बोलत नसतो, त्याच्या मनात तेच असते. पण मनात असणे वेगळे आणि पॉलिसीच्या कागदावर असणे वेगळे. बहुतेक वेळा त्या कागदावर बायकोचे नाव फक्त ‘नॉमिनी’च्या रकान्यात असते. त्या रकान्याला आपण समजतो तेवढे वजन नाही, आणि वजन असलेली दुसरी सोय आपल्याला कुणी सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लग्न झाले की नवऱ्याचे ते अर्धे बायकोचे, असा कायदा महाराष्ट्रात नाही. ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत त्यांना तिकडच्या काही राज्यांतले नियम ऐकून माहीत असतात, म्हणून त्या मला हटकून विचारतात. आपल्या शेजारी गोव्यात मात्र तसे आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरतात. पण चोर्ला घाट उतरण्याच्या अलीकडे हा नियम लागत नाही. आपल्याकडे ज्याच्या नावावर त्याचे. हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याच्या कलम २७ मध्ये काडीमोडाच्या वेळी वाटून द्यायची मालमत्ता म्हणजे लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तू. नवऱ्याच्या नावावरची पॉलिसी त्यात बसत नाही. पोटगी ठरवताना न्यायालय त्याची ऐपत म्हणून ती विचारात घेईल, इतकेच. हप्ते घरखर्चातून काटकसर करून भरले, दिवाळीची साडी दोन वर्षे पुढे ढकलली, हे सगळे खरे असले तरी पॉलिसीच्या मालकीत त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

आता पॉलिसीचा कागद हातात घ्या. (हो, उठून कपाटातून काढाच. फोनवरच्या फोटोत बारीक अक्षर दिसत नाही.) त्यावर तीन माणसे असतात. पहिला प्रस्तावक, म्हणजे ज्याने प्रपोजल फॉर्मवर सही केली तो. तोच पॉलिसीचा मालक. दुसरा ज्याच्या आयुष्याचा विमा आहे तो. तिसरा नॉमिनी. पुष्कळदा पहिला आणि दुसरा एकच असतो. पण बायकोच्या आयुष्यावर पॉलिसी आणि प्रस्तावक नवरा, असेही चालते. अशा वेळी मुदत संपल्यावर येणारे पैसे नवऱ्याचे, कारण मालक तो. उलट प्रस्तावक म्हणून बायकोची सही असेल आणि हप्ता नवऱ्याने भरला असेल, तर पैसे बायकोचे. बायकोच्या पॉलिसीचा हप्ता भरून नवऱ्याला, त्याने जुनी करपद्धत निवडली असेल तर, प्राप्तिकरात वजावट घेता येते, म्हणजे त्यालाही तोटा नाही. मग सही तिचीच का नको? एजंटाला विचारले तर म्हणतो, ‘ताई, एकाच नावावर ठेवलं की सोपं जातं.’ सोपे कुणाला जाते हे मी त्याला विचारत नाही, चहा देऊन फॉर्म परत फिरवते.

मालक म्हटला की त्याला काय काय करता येते ते पाहा. पॉलिसीवर कर्ज काढता येते. ती बँकेला असाइन करून देता येते. मुदतीआधी मोडून, म्हणजे सरेंडर करून, पैसे घेता येतात. नॉमिनी वाटेल तेव्हा बदलता येतो. यातल्या कशालाही नॉमिनीची सही लागत नाही, तिला कळवावेही लागत नाही.

माझ्या माहेरच्या नात्यात एक घर आहे, हळदीच्या व्यापारातले. एका वर्षी भाव असे काही कोसळले की वखारीत पडलेल्या मालाची किंमत उचललेल्या कर्जाच्या निम्मीसुद्धा राहिली नाही. त्या वर्षी त्या गृहस्थांनी तीन पॉलिसी मोडल्या. घरात कुणाला बोलले नाहीत, कारण बोलले असते तर सगळ्यांची झोप उडाली असती. पुढे चार वर्षांनी ते गेले. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीतून मोकळे झाल्यावर त्या वहिनींनी कपाटातली लाल फाइल काढली. तिच्यात पॉलिसींच्या झेरॉक्स व्यवस्थित लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर नॉमिनी म्हणून त्यांचेच नाव होते. विमा कार्यालयात गेल्यावर कळले की तीनही कधीच बंद झाल्या आहेत. वहिनी मला म्हणाल्या, ‘अक्का, माझे नाव होते ना त्यावर?’

त्यांच्या नवऱ्याने काही चोरी केली नव्हती. कायद्याने पॉलिसी त्यांची होती, त्यांनी मोडली. कर्ज बुडवून लोकांना तोंड लपवत फिरण्यापेक्षा त्यांना ते बरे वाटले. मी त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. पण व्यापारी घरांत संकट येते तेव्हा सगळ्यात आधी हात जातो तो बायकोच्या दागिन्यांकडे आणि मग पॉलिसीकडे, हे तुम्हीही पाहिले असेल. दागिने मोडताना निदान अंगावरून काढून द्यावे लागतात, बाईला कळते तरी.

आता नॉमिनीचे वजन. समजा पॉलिसी मोडली नाही, नवरा गेला, आणि पैसे नॉमिनी म्हणून बायकोच्या खात्यात आले. ते तिचे झाले का? यावर सर्वोच्च न्यायालयाचा जुना गाजलेला निकाल आहे, सरबती देवी विरुद्ध उषा देवी. निकाल डिसेंबर १९८३ चा, छापून आला १९८४ मध्ये. दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी होत्या, नॉमिनी बायको. तो गृहस्थ मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, मुलगा आणि आई. न्यायालय म्हणाले, नॉमिनी म्हणजे विमा कंपनीकडून पैसे घ्यायला नेमलेला माणूस. पैसे घ्या, पण ते वारसांचे आहेत. त्यामुळे आईला एक तृतीयांश, मुलाला एक तृतीयांश, बायकोला एक तृतीयांश. भांडण सासू आणि सुनेत झाले, आणि सगळ्या देशाला नॉमिनी या शब्दाचा अर्थ कळला.

पुढे २०१५ मध्ये विमा कायदा दुरुस्त केला. आता कलम ३९ म्हणते की आई-वडील, नवरा किंवा बायको, मुले यांना नॉमिनी केले असेल तर ते स्वतःच्या हक्काने त्या पैशाचे धनी होतात. तेव्हा पेपरांतून आले की चला, प्रश्न मिटला. मिटलेला नाही. उच्च न्यायालयांची मते जुळत नाहीत. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितले की या दुरुस्तीमुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही, वारसांनी हक्क सांगितला तर नॉमिनीला वाटा द्यावा लागेल. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नॉमिनी मालक होत नाही असे ठामपणे म्हटले. ते प्रकरण, आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ज्यांचे ‘कालनिर्णय’ लटकते, त्या जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीचे होते. इतक्या जाणत्या माणसाच्या मागे जर हा प्रश्न न्यायालयात जातो, तर आपण रकान्यात नाव पाहून निर्धास्त कशाला व्हायचे?

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या समाजाची आहे आणि फार जणींना ठाऊक नसते. जुन्या जैन कायद्यात विधवेचे स्थान हिंदू धर्मशास्त्रापेक्षा वरचे होते. भद्रबाहु संहिता, अर्हन्नीति या ग्रंथांत नवऱ्यामागे बायकोला मालकी हक्काने वारस मानले आहे. १८७८ मध्ये प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले होते, आणि तिथे उत्तरेकडच्या अग्रवाल जैन समाजातल्या एका निपुत्रिक विधवेचा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवरचा पूर्ण हक्क मान्य झाला. त्या काळात इतर हिंदू विधवांना फक्त हयातीपुरता उपभोग होता, विकायचा अधिकार नव्हता. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये ‘जैन लॉ’ हे पुस्तक लिहिले, त्यात हे सगळे मांडले आहे. म्हणजे पैसा बाईच्या हातात देणे ही आपल्याला परकी किंवा नवी कल्पना नाही, जुनीच आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि जैनही त्याच्याखाली आले. आता पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे. आता मीही सासू झाले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: आईचा वाटा मला चुकीचा वाटत नाही. ज्या बाईने मुलगा वाढवला तिला उतारवयात सुनेपुढे हात पसरायला लावणारा कायदा मला नको. माझी तक्रार वेगळी आहे. घरात सगळे समजून असतात की विम्याचे पैसे सुनेचे आणि पोरांचे. मग अचानक कुणी दीर, कुणी भाचा सासूबाईंची सही घेऊन येतो आणि एका चुलीच्या दोन होतात. सासूसाठी काही ठेवायचे तर तेही लिहून ठेवा, वेगळे ठेवा. न लिहिल्यामुळे दोन बायका एकमेकींच्या समोर उभ्या राहतात.

आता त्या दुसऱ्या सोयीकडे येते. १८७४ चा एक कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. एजंट लोक त्याला एमडब्ल्यूपी म्हणतात. त्याचे कलम ६ असे: लग्न झालेल्या पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी काढली आणि ती बायकोच्या, किंवा बायको-मुलांच्या, हितासाठी आहे असे त्या पॉलिसीवरच लिहिले, तर ती पॉलिसी म्हणजे त्यांच्यासाठी केलेला ट्रस्ट होतो. त्यातले कुणीही असेपर्यंत ती पॉलिसी नवऱ्याच्या ताब्यात राहत नाही, त्याच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या मिळकतीत ती धरली जात नाही. मिळकतीत नाही म्हणजे वाटणीतही नाही.

मूळ कायद्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन स्त्रियांना वगळले होते. पुढे १९२३ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ६ पुरते ते दार उघडले. त्या दुरुस्तीत ‘हिंदू, मुसलमान, शीख किंवा जैन’ असा उल्लेख आहे. मद्रास इलाख्यात १९१३ च्या अखेरीनंतरच्या आणि बाकी ठिकाणी १ एप्रिल १९२३ नंतरच्या पॉलिसींना ते लागू. म्हणजे आपल्या समाजाचे नाव घेऊन ही सोय शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, आणि आपल्याला तिची खबर नाही! मी ओळखीच्या घरांत विचारून पाहिले. पॉलिसी प्रत्येकाकडे होत्या, काही ठिकाणी तर डझनाने. कलम ६ खाली काढलेली एकही नव्हती.

ही सोय करायला जास्त पैसे लागत नाहीत. पॉलिसी काढतानाच प्रपोजल फॉर्मबरोबर एक पुरवणी फॉर्म भरायचा. त्यात लाभार्थी कोण, कुणाला किती हिस्सा, आणि ट्रस्टी कोण हे लिहायचे. पण ‘काढतानाच’ हा शब्द लक्षात ठेवा. जुनी चालू पॉलिसी नंतर या कलमाखाली आणता येत नाही. त्यामुळे आपल्या वयाच्या बायकांना स्वतःसाठी याचा उपयोग थोडा. उपयोग आहे तो मुलाच्या आणि जावयाच्या पॉलिसीला, ज्या आता निघत आहेत. म्हणून तर हे लिहिते आहे.

कुणी जाणकार म्हणेल, धनकोंपासून विम्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये संरक्षण आहेच, जप्तीतून विम्याची रक्कम वगळली आहे. बरोबर आहे. पण नवऱ्याने स्वतः सही करून पॉलिसी बँकेला दिली तर ते कलम काय करणार? वर सांगितलेल्या वहिनींच्या घरी जप्ती आलीच नव्हती. कलम ६ ची खरी किंमत मला इथे वाटते. ते सावकारापासून वाचवते त्याहून जास्त, नवऱ्याच्या अडचणीच्या दिवशीच्या सहीपासून वाचवते. लाभार्थींच्या संमतीशिवाय त्या पॉलिसीवर कर्ज नाही, सरेंडर नाही. व्यापारातल्या माणसाला यातला अर्थ पटकन कळतो. दुकानाच्या गल्ल्यातले पैसे आणि देवळाच्या दानपेटीतले पैसे तो एकत्र करत नाही, मग दुकान कितीही अडचणीत असो.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. देणी बुडवायच्या हेतूने अशी पॉलिसी काढली असेल तर धनकोंचा हक्क शाबूत राहतो, हे त्याच कलमात लिहिले आहे. आणि ते योग्यच आहे. आपले अचौर्य अणुव्रत काय फक्त बस्तीत म्हणायला आहे? कर्ज डोक्यावर आल्यावर धावत जाऊन बायकोच्या नावाने ट्रस्ट करायचा, हे मला मान्य नाही. धंदा चांगला चालू असताना, सगळी देणी वेळेवर जात असताना, तरुणपणी काढलेली पॉलिसी ही वेगळी गोष्ट.

हे सांगितले की बायकाच आधी म्हणतात, ‘अहो, पण याचा अर्थ नवऱ्यावर विश्वास नाही असा होतो.’ मला हा आक्षेप समजतो पण पटत नाही. आपण स्वतः आठवा, व्रत घेताना नियम कशाला घेतो? स्वतःवर विश्वास नाही म्हणून का? मन भक्कम असते त्या दिवशी नियम घेतो, मन डळमळते त्या दिवशी तो उपयोगी पडतो. नवऱ्याने कलम ६ खाली सही करणे हा त्याने स्वतःसाठी घेतलेला नियम आहे. आणि ‘आपण परिग्रह कमी करायचा, तिथे ही माझी-तुझी पॉलिसी कशाला’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते, परिग्रह-परिमाण व्रतात आपण मोजूनच मर्यादा घालतो ना? जे आपले आहे की नाही हेच ठाऊक नाही ते मोजणार कसे, आणि त्यातून दान तरी कसे देणार?

सगळ्याच पॉलिसी अशा काढाव्यात का? नाही. यात तोटे आहेत. एकदा नाव लिहिले की बदलता येत नाही. उद्या संसार मोडला तरी नाव घालून लाभार्थी केलेली बायको लाभार्थीच राहते, नवऱ्याला ती काढता येत नाही. बचतीची पॉलिसी असेल तर मुदत संपल्यावर येणारे पैसे नवऱ्याला मिळत नाहीत, लाभार्थींना मिळतात. मुलीच्या शिक्षणासाठी मधेच मोडायची झाली तरी सगळ्यांची संमती हवी, आणि अज्ञान मुले लाभार्थी असली तर ती संमती मिळवणे अवघड. म्हणून माझा सल्ला असा: बचतीच्या पॉलिसी साध्याच राहू द्या, त्या अडीअडचणीला लागतात. जी निव्वळ टर्म पॉलिसी आहे, जिच्यातून जिवंतपणी काहीच मिळत नाही, ती मात्र कलम ६ खाली काढा. तिच्यात मोडण्यासारखे काही नसतेच, मग नवऱ्याच्या हातून काय जाते? काहीच नाही. व्यापारी घरातल्या, कर्जाला जामीन राहणाऱ्या मुलांसाठी तर ती अशीच हवी.

ट्रस्टी म्हणून घरातल्या भागीदाराला नेमू नका, म्हणजे जो भाऊ दुकानात बसतो त्याला. पैसे आल्यावर दुकानाला लागतीलच. बायको स्वतः ट्रस्टी होऊ शकते, मुलगी मोठी असेल तर ती, नाही तर माहेरचे कुणी शिकलेले. आणि एक बारीक गोष्ट व्यापारी घरांसाठी. हप्ता एचयूएफच्या, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या, खात्यातून भरू नका. उद्या कुणी म्हणेल, पैसे कुटुंबाचे होते म्हणून पॉलिसीही कुटुंबाची. त्याने स्वतःच्या खात्यातून भरावा आणि पासबुकाची ती पाने जपून ठेवावीत.

आता आपल्या मुलींच्या पॉलिसींकडे वळते. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते आणि इथे सगळ्यात कमी बोलले जाते. मुली पुण्या-मुंबईत नोकरी करतात, पहिल्या पगारापासून पॉलिसी असते, नॉमिनी आई. लग्न ठरले की आपणच घाई करतो, नाव बदल, नवऱ्याचे घाल, नाहीतर सासरी काय म्हणतील. नाव जरूर घालावे. पण बाईच्या मिळकतीचे वारस कोण, हे हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये काय लिहिले आहे ते आधी वाचा. मृत्युपत्र न करता बाई गेली तर आधी मुले आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी, मुले नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतःच्या पगारातून जमवलेल्याला ही सवलत नाही.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या एका प्रकरणात ही बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली, बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत पैसे साठवले. जन्मभर सासरच्यांनी विचारपूस केली नाही. ती मृत्युपत्र न करता गेली, आणि तिची कमाई नवऱ्याच्या वारसांना मिळाली, माहेरच्यांना नाही. न्यायालयाने म्हटले, कायदा स्पष्ट आहे, भावनेवर निकाल देता येत नाही. मी हा निकाल वाचला त्या रात्री झोप लागली नाही. कायद्याच्या वहीत तिच्या नावापुढे ते तीन महिन्यांचे सासर तेवढे उरले होते, बाकी चाळीस वर्षे कुठे गेली कोण जाणे.

मृत्युपत्र म्हटले की आपण कानांवर हात ठेवतो, विशेषतः तिशीतल्या मुलीपुढे. अमंगळ वाटते. पण सल्लेखनेचा विचार ज्या धर्मात व्रत म्हणून केला जातो, रोज बारा भावनांत अनित्य भावना जिथे पहिली येते, तिथल्या बायकांनी मरणाचा शब्द उच्चारायला घाबरावे याचे मला आश्चर्य वाटते. मी माझ्या भाचीला तिच्या पहिल्या पगाराच्या महिन्यातच बसवून लिहून घ्यायला लावले. ती हसली, तिची आई रडली, पण अर्ध्या तासात झाले. लग्नानंतर तिने ते फाडून नवे लिहिले, त्यात नवऱ्याला आणि आईला दोघांनाही वाटा आहे. जावईबापूंनी वाचले आणि म्हणाले, ‘मामी, माझेही लिहू या.’

लागते फार थोडे. साधा पांढरा कागद चालतो, स्टँप पेपरची गरज नाही. तुमच्या बोलीत लिहा, मराठी चालते, कन्नड चालते. पॉलिसी क्रमांक, कंपनीचे नाव आणि पैसे कुणाला किती हे स्पष्ट लिहा. दोन साक्षीदारांपुढे सही करा आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सही करावी. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण घरात चार तोंडे असतील तर दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. बस्तीत रोज भेटणाऱ्या दोघी मैत्रिणी साक्षीदार म्हणून चालतात, फक्त वयाने आपल्यापेक्षा लहान निवडा.